प्रेत कुठे पडेल ते आधी ठरवा : एव्हरक्वेस्टमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळात ब्लॅकबरो नावाची गुहा आहे, तिच्या तोंडाशी झाडाचा एक मोठा पोकळ बुंधा आहे. मी पाचव्या लेव्हलला तिथे पोचलो, बुंध्यात काय आहे म्हणून वाकलो आणि थेट तळाला जाऊन आदळलो. भोवती नॉल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाची, दोन पायांवर चालणारी, भुंकत अंगावर येणारी जमात. पुढच्या दहा सेकंदांत मी मेलो. गावात उघडाबोडका जागा झालो. तलवार, ढाल, पिशव्या, पैसे सगळं तळाशी, माझ्या प्रेतावर. ते आणायला गेलो, पुन्हा मेलो. तिसऱ्यांदाही मेलो. शेवटी एका अनोळखी माणसाने, त्याच्याच भाषेत सांगायचं तर ‘इतकी प्रेतं बघवत नाहीत म्हणून’, माझं सामान सोडवून दिलं.

हा खेळ अवघड का, याचं उत्तर त्या बुंध्यात आहे. एव्हरक्वेस्टमध्ये बोटं चपळ लागत नाहीत. लढाई इतकी संथ की मधे चहाचा घोट घेता येतो. पण चुकीची किंमत मात्र पुरेपूर वसूल होते. मेलात की अंगावरचं सामान मेल्या जागी राहतं, कमावलेला अनुभव कापला जातो (पहिल्या काही लेव्हल्सना माफी आहे) आणि वेळ वाईट असेल तर लेव्हलही खाली येते. म्हणून नव्या माणसाला मी एकच सवय लावून घ्यायला सांगतो. कुठेही पाऊल टाकण्याआधी मनाशी विचारायचं, इथे मेलो तर प्रेत कुठे पडेल आणि ते मला एकट्याला आणता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर मागे फिरायचं. खाली जे सांगतोय ते सगळं या प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी खेळ कोणता ते ठरवा

एव्हरक्वेस्ट १६ मार्च १९९९ला आला. नॉराथ नावाचं जग, त्रिमितीय चित्रं आणि एकाच वेळी हजारो माणसं. त्याआधीचे मड म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणारे खेळ. त्यांचेच नियम याने उचलले, त्यामुळे तो कडकपणा वारशानेच आला. अधिकृत खेळ आजही चालू आहे आणि २०१२पासून फुकट खेळता येतो. पण त्यात इतकी भर पडली आहे की जुन्या खेळाची चव लागत नाही. मी जे सांगतोय ते प्रोजेक्ट १९९९बद्दल. चाहत्यांनी २००९मध्ये सुरू केलेला हा फुकट सर्व्हर आहे. मूळ खेळ, कुनार्क आणि व्हेलियस या पहिल्या दोन विस्तारांपर्यंतचा काळ त्यांनी जपून ठेवला आहे, आणि २०१५पासून मूळ खेळाच्या मालक कंपनीशी त्यांचा लेखी करारही आहे.

मांडणीतली अडचण एकच. त्याला एव्हरक्वेस्टची ‘टायटॅनियम’ आवृत्ती लागते. ती आता जुन्या सीड्यांवरच मिळते, त्यामुळे सेकंडहँड बाजारात शोध घ्यावा लागतो. ती मिळाली की प्रोजेक्टच्या फाइल्स वरून टाकायच्या, लॉगिन खातं उघडायचं, झालं. कॉम्प्युटर कितीही जुना चालतो. एका माणसाने एका वेळी एकच पात्र चालवायचं हा तिथला पक्का नियम आहे. दोन खिडक्या उघडून स्वतःच स्वतःला बरं करण्याची युक्ती डोक्यात असेल तर ती सोडून द्या.

पात्र निवडताना

इथे बहुतेकजण चुकतात, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांना योद्धा व्हायचं असतं. योद्धा आणि रोग (म्हणजे लपून वार करणारा चोर) यांचा जीव चांगल्या शस्त्रांवर आणि मागे उभ्या असलेल्या, बरं करणाऱ्या क्लेरिकवर असतो. नवख्याकडे दोन्ही नसतं. दहाव्या लेव्हलनंतर एकट्या योद्ध्याला एक प्राणी मारून पाच मिनिटं बसून राहावं लागतं. पॅलाडिन, रेंजर, शॅडोनाइट, बार्ड या मिश्र (शस्त्र आणि जादू दोन्ही वापरणाऱ्या) वर्गांना तर मूळ खेळात वर चढायला ४० टक्के जास्त अनुभव लागायचा. ट्रोल, ओगर आणि इक्सर या जाती दिसायला भारी, पण त्यांनाही जास्त मेहनत पडते, शिवाय निम्म्या शहरांत पहारेकरी त्यांना दिसताक्षणी मारतात.

माझं मत विचाराल तर पहिलं पात्र मॅजिशियन किंवा नेक्रोमॅन्सर घ्या. नेक्रोमॅन्सरला पहिल्याच लेव्हलला सांगाड्याचा पाळीव नोकर मिळतो. मॅजिशियनला चौथ्या लेव्हलपर्यंत थांबावं लागतं, पण नंतर त्याचा पाळीव नोकर मार खातो आणि तुम्ही लांबून मंत्र टाकता. खाणंपिणंही तो मंत्रानेच काढतो. एन्चँटर फार ताकदवान, गटात सोन्याचा भाव, पण तो दुसऱ्या पात्रासाठी ठेवा. ज्यांना लोकांत मिसळायला आवडतं त्यांनी क्लेरिक किंवा शॅमन घ्यावा. गट शोधत फिरावं लागणार नाही, गटच तुम्हाला शोधत येईल.

सुरुवातीचे गुण वाटून टाकले की परत बदलत नाहीत. मॅजिशियन, नेक्रोमॅन्सरने बुद्धीत ओतावेत, क्लेरिक आणि शॅमनने शहाणपणात. सगळीकडे थोडे थोडे वाटणारा पुढे पस्तावतो.

जात निवडताना डोळ्यांचा विचार करा. मानव, बार्बेरियन आणि एरुडाइट यांना रात्री काही दिसत नाही. हे गंमतीने सांगत नाही. पडदा खरोखरच काळा होतो. खेळातला एक दिवस आपल्या ७२ मिनिटांचा, त्यामुळे रात्र सारखी येत राहते. हाय एल्फ मॅजिशियन किंवा डार्क एल्फ नेक्रोमॅन्सर घेतलात तर हा त्रास वाचतो. हाय एल्फ फेलविदमध्ये सुरू होतो आणि बाहेर ग्रेटर फेडार्कचं जंगल लागतं. तिथे नवखे बऱ्यापैकी सापडतात, आणि नवख्याला नवखाच उपयोगी पडतो.

पहिला तास

पिशवीत एक चिठ्ठी असेल. ती तुमच्या गिल्डच्या, म्हणजे तुमच्या वर्गाच्या संघाच्या, गुरूला नेऊन द्यायची, अंगरखा मिळतो. गुरू शहरात कुठेतरी लपलेला असतो आणि खेळात नकाशा नाही. होय, नाहीच. नकाशे चाहत्यांच्या विकीवर आहेत, ते फोनवर किंवा छापून बाजूला ठेवा. मी तर पहिले काही दिवस जुन्या वहीत पेन्सिलीने काढत होतो, आणि अजूनही वाटतं की तसं केल्याने जागा डोक्यात बसते.

गुरूपाशी जाण्याआधी मात्र हल्ल्याची कळ कीबोर्डवर अशा जागी न्या जिथे चुकून हात जाणार नाही. बोलायला गेलेल्या कित्येकांनी चुकून गुरूवरच हल्ला केला आहे. गुरू समोरच्याचं वय बघत नाही.

बोलण्यासाठी ‘एच’, आणि समोरच्याला तोलण्यासाठी ‘सी’. ही ‘सी’ कळ म्हणजे तुमचा विमा. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं तर तो किरकोळ, अनुभव मिळणार नाही. निळा म्हणजे तुमच्यापेक्षा खालचा, पांढरा बरोबरीचा, पिवळा वरचढ, लाल म्हणजे पळा. पहिल्या चार लेव्हल्सना पांढरा चालून जातो. त्यानंतर एकट्याने फक्त निळे मारा. पांढऱ्यावरही जिंकता येतं, पण दुसरा कुणी मधे आला तर पळायला जीव उरत नाही. त्या उत्तरात रंगाबरोबर एक वाक्यही येतं. समोरचा तुमच्याकडे मायेने बघतोय, दुर्लक्ष करतोय की दात खात उभा आहे, ते त्यातून कळतं. अनोळखी शहराच्या पहारेकऱ्याला लांबूनच ‘सी’ करा. तो दात खात असेल तर त्या वेशीतून आत जायचं नाही.

दिशा कळण्यासाठी दोन गोष्टी. ‘सेन्स हेडिंग’ नावाचं कौशल्य आहे, त्याचं बटण चालताना सारखं दाबत राहा. सुरुवातीला भलतंच सांगतं, हळूहळू सुधारतं. आणि ‘/लॉक’ ही आज्ञा (टाइप इंग्रजीतच करायची, /loc) तुम्ही उभे असलेल्या जागेचे आकडे देते. पहिला आकडा वाढला तर तुम्ही उत्तरेला चाललात, दुसरा वाढला तर पश्चिमेला. शाळेतल्या आलेखाच्या सवयीने बघाल तर हे उलटं वाटेल आणि हमखास चुकाल, म्हणून कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. धोक्याच्या जागी शिरताना दर थोड्या वेळाने ‘/लॉक’ करत गेलात की मेल्यावर प्रेताचा पत्ता तयार असतो. मेल्यानंतर ‘कुठेतरी झाडांपाशी होतो’ असं सांगणाऱ्याला कुणी मदत करू शकत नाही. तिथे सगळीकडे झाडंच आहेत.

ग्रेटर फेडार्कात असाल तर केलेथिनबद्दल एक शब्द. वुड एल्फांचं हे शहर झाडांवर बांधलेलं आहे आणि पुलांना कठडे नाहीत. त्या पुलांवर धावणाऱ्याचं प्रेत थेट झाडाखाली सापडतं. चालत जा.

मारायचं कसं, आणि कुठे उभं राहून

नवखा राक्षसाकडे धावत जातो. मुरलेला राक्षसाला आपल्याकडे बोलावतो. सगळा फरक यातच आहे. लांबून एक मंत्र किंवा बाण टाकायचा आणि तो अंगावर आला की त्याला आपल्या सुरक्षित जागी आणून मारायचं. याला ‘पुल’ म्हणतात. सुरक्षित जागा म्हणजे शक्यतो झोन लाइनजवळची. एका प्रदेशातून दुसऱ्यात जाण्याची जी सीमा असते ती राक्षसांना ओलांडता येत नाही. तुम्ही ओलांडलीत की सुटलात. दुसरी जागा पहारेकऱ्याच्या शेजारची. त्याने मारलं तर अनुभव बुडतो, पण जीव वाचतो.

ऑर्क, नॉल अशा जमातींचे राक्षस एकटे मरायला येत नाहीत. शेजारच्याला मार बसताना बघितला की धावून येतात. आणि मरायला टेकलेला राक्षस पळतो. पळून जातो कुठे, तर आपल्या भाऊबंदांत. त्याच्यामागे धावत जाणं ही नवख्याची सगळ्यात महाग चूक. पळत्याला मंत्राने पाय बांधून ठेवा (रूट, स्नेअर), किंवा शेवटच्या टप्प्यासाठी एक मंत्र राखून ठेवा, किंवा सरळ जाऊ द्या.

तरीही कधीतरी पाचसहा मागे लागणारच. मग पळता भुई थोडी होते. सीमेकडे पळा आणि पळतापळता ‘ट्रेन!’ असं सगळ्या प्रदेशाला ओरडून सांगा. तुमच्या मागची ती रांग सीमेवर बसलेल्या निष्पाप माणसांवर घसरते, म्हणून ही सूचना देणं तिथला शिष्टाचार आहे. न सांगता आगगाडी आणणारा माणूस लक्षात राहतो. हे गाव छोटं आहे, नाव एकदा खराब झालं की वीस लेव्हल पुढे जाऊनही गटात घेत नाहीत.

लढाई झाली की बसा. उभ्याने जादूशक्ती नावाला भरते. मेडिटेट हे कौशल्य मिळायची लेव्हल आली (मॅजिशियन, नेक्रोमॅन्सरला चौथी, क्लेरिक, शॅमनला आठवी) की त्याच दिवशी गुरूकडे जाऊन त्यात गुण घाला. विसरलात तर पुढचे कित्येक तास निम्म्या वेगाने बसून राहाल. १९९९मध्ये बसताना मंत्रांचं पुस्तक उघडं ठेवावं लागायचं आणि ते अख्खा पडदा झाकायचं. मागून येणारा राक्षस दिसायचाच नाही. काही जुने लोक अजूनही हे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. एवढं मात्र आजही खरं की बसलेल्या माणसावर राक्षस आधी चाल करून येतो. लढाई चालू असताना बसू नका.

नवे मंत्र काही लेव्हल्सच्या टप्प्याने येतात आणि ते विकत घ्यावे लागतात. त्यासाठी पैसे.

पैसा

दहा तांब्याची एक चांदी, दहा चांदीचं एक सोनं, दहा सोन्याचं एक प्लॅटिनम. नाण्यांना वजन असतं! खिसे तांब्याने भरले की चालणं मंदावतं, आणि मंद माणूस मरतो. बँकेत बदलून ठेवा. बँकेतच एक जुनी तलवार, दोन पिशव्या आणि जेवण बाजूला ठेवा. प्रेत आणायला जाताना अंगावर घालायला हेच कामी येतं.

नवख्याचं पहिलं उत्पन्न सांगाड्यांच्या हाडांचे तुकडे. नेक्रोमॅन्सरना नोकर उभा करायला ते लागतात आणि वेचायचा त्यांना कंटाळा असतो. दुकानदाराला विकू नका. ईस्ट कॉमनलँड्समधल्या बोगद्यात खेळाडूंचा बाजार भरतो, तिथे ढिगाने विका. रस्त्यात ग्रिफन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा उडता राक्षस, दिसला तर मात्र थांबून बघत बसू नका.

फेडार्कच्या बाजूला क्रशबोन नावाचा ऑर्कांचा किल्ला आहे. तिथल्या ऑर्कांचे कमरपट्टे जमवून शेजारच्या कॅलादिममधल्या कॅनलो नसबॅकला दिले की अनुभव चांगला मिळतो, बुटक्यांच्या शहराशी संबंधही सुधारतात. कीनोस शहराकडे असाल तर नॉलचे सुळे कॅप्टन टिलिनला द्या. राक्षस मारून एकदा आणि त्याची वस्तू देऊन दुसऱ्यांदा, असा एकाच कामाचा दोनदा मोबदला. पाचव्या ते बाराव्या लेव्हलपर्यंतचं घर यावर चालतं.

गटात

गट सहाचा. मार खाणारा, बरं करणारा, आवरणारा, आणि बाकीचे मारणारे. ‘कॅम्प चेक’ असं प्रदेशाला विचारायचं, म्हणजे कोणती जागा कुणी धरली आहे ते कळतं. धरलेल्या जागेत शिरायचं नाही. मारायला सुरुवात करण्याआधी मार खाणाऱ्याला दोनतीन घाव घालू द्या. अधीर मंत्रवाला पहिल्या सेकंदाला सगळा दारूगोळा उडवतो, राक्षस वळतो आणि त्याच्यावर जातो; मग क्लेरिकची जादू त्याला वाचवण्यात संपते आणि सगळेच जातात.

एन्चँटरने झोपवलेल्या राक्षसाला हात लावू नका. एका फटक्याने तो जागा होतो. ‘/असिस्ट’ वापरून मुख्य माणसाने जो धरला आहे तोच मारा. पहिल्या रात्री एवढं पाळलंत तरी लोक दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारतील.

मेल्यावर

मेल्यावर लगेच धावत जायचं नाही. राग ओसरू द्या. जिथे मेलात तिथे अजून तेच सगळे फिरत असतात.

बँकेतले जुने कपडे घाला. एखादा शॅमन किंवा ड्रूइड दिसला तर ‘सो’ मागा. लांडग्याच्या वेगाने पळवणारा हा मंत्र शॅमनला नवव्या लेव्हललाच मिळतो, आणि सभ्यपणे मागितला तर बहुतेकजण फुकट देतात. मग प्रेताजवळ जायचं, पण त्याच्यावर जाऊन उभं राहायचं नाही. थोड्या अंतरावरून ‘/कॉर्प्स’ आज्ञा दिली की प्रेत तुमच्याकडे ओढलं जातं. असं थोडं थोडं ओढत सुरक्षित जागी आणा आणि तिथे सामान काढा. सीमेपलीकडे मात्र ते नेता येत नाही. जागा फारच वाईट असेल तर ‘/कन्सेंट’ लिहून पुढे मदतनिसाचं नाव लिहा, म्हणजे तो तुमचं प्रेत ओढू शकतो. मोठ्या क्लेरिककडे प्रेतालाच उठवणारा मंत्र असतो. वरच्या पातळीचा मंत्र गेलेल्या अनुभवाचे ९६ टक्के परत देतो. पण दहाव्या लेव्हलला त्यासाठी कुणाला त्रास देऊ नका.

आणि मेल्यावर जागे कुठे होता, तेही तुमच्या हातात आहे. त्याला ‘बाइंड’ म्हणतात. मंत्रवाले बाराव्या-चौदाव्या लेव्हलपासून स्वतःला जवळपास कुठेही बांधून घेऊ शकतात; तलवारवाल्यांना शहरातच, तेही दुसऱ्याकडून बांधून घ्यावं लागतं. लांब शिकारीला जायच्या आधी जवळच्या शहरात बाइंड करून घ्या. हे न करता दुसऱ्या खंडावर जाऊन मेलेला माणूस मी पाहिला आहे. तो उघडा, जगाच्या दुसऱ्या टोकाला जागा झाला आणि त्याने त्या आठवड्यात परत लॉगिन केलं नाही.

आपल्याकडून खेळताना

प्रोजेक्टवरची बरीच मंडळी अमेरिकेतली. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजले की इथे पहाटेचे साडेपाच किंवा साडेसहा होतात. गट हवा असेल तर लवकर उठा. शांतपणे एकट्याने खेळायचं असेल तर आपली संध्याकाळ उत्तम. लढाई संथ असल्याने लांबच्या सर्व्हरचा फारसा फटका बसत नाही.

वीज गेली तर मात्र फटका बसतो. नेट तुटलं की पात्र लगेच गायब होत नाही. ते दगडासारखं काही वेळ तिथेच उभं राहतं आणि जवळ कुणी असेल तर मार खातं. पावसाळ्यात दिवे एकदा लुकलुकले की मी सीमा ओलांडतो आणि ‘/कॅम्प’ करतो. बसून ३० सेकंद गेले की बाहेर. राउटरला छोटा यूपीएस लावला त्या वर्षी माझी प्रेतं निम्म्यावर आली.

दहाव्या लेव्हलनंतर

मग जग बघावंसं वाटतं. किथिकोरच्या जंगलातून जायचं असेल तर दिवसाच जा. रात्री तिथे मेलेले सैनिक उठतात आणि ते तुमच्या चौपट लेव्हलचे असतात. फेडार्कमधून फ्रीपोर्टला जायला बुचरब्लॉकच्या धक्क्यावरून जहाज आहे, मधे ओशन ऑफ टिअर्स लागतो. जहाज आपल्या वेळेने येतं आणि कुणासाठी थांबत नाही. चढलात की मधोमध उभे राहा, कडेला उभे असलेले पाण्यात पडतात. समुद्रात बेटं आहेत, पण त्यांवर एकाक्ष राक्षस आणि पिशाच्चं राहतात, तेव्हा पोहत जाऊन बघण्यात अर्थ नाही. आणि मी केलं तसं, जहाज यायच्या वेळी चहा टाकायला उठू नका. चुकलंच तर धक्क्यावर गळ आणि आमिष घेऊन बसा. मासेमारीचं कौशल्य वाढतं, आणि पुढचं जहाज येईपर्यंत जेवणाचीही सोय होते.